पाच टक्क्यांची घाई

दिनांक १४ सप्टेंबर १९९६, शनिवार. त्या दिवशी पेपरच्या पुरवणीत छापून आलेल्या कॅसेट-परीक्षणाचे मानधन शिवप्रसाद नष्ट्यांना मिळाले रुपये पंचाहत्तर. शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवसभर वह्या लिहिणारा हा माणूस दर शनिवारी पॉप, रॉक आणि इलेक्ट्रॉनिक कॅसेटींवर लिहितो, हे दुकानाच्या मालकांना दोन वर्षे ठाऊकच नव्हते. कळल्यावर ते म्हणाले, गुळाचे वजन चुकले नाही म्हणजे झाले, बाकी काय ऐकायचे ते ऐका.

शिवप्रसादांची ऐकण्याची रीत ठरलेली होती. संध्याकाळी जेवणाआधी टेप लावायचा, मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवायचे आणि प्रत्येक गाणे किती मिनिटे किती सेकंद चालले ते वहीत टिपायचे. मग दुसऱ्यांदा ऐकायचे, तेव्हा आवाज, वाद्ये, शब्द. तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. आणखी एक नेम होता. गाणाऱ्याकडून किंवा कंपनीकडून फुकट कॅसेट घ्यायची नाही. घेतली की मिंधेपण आले.

पगारात महिन्याला एखादीच कॅसेट विकत घेणे परवडे. बाकीची सोय राजारामपुरीतल्या बापूसो मगदुमांकडे. बापूसो मूळचे कुरुंदवाडचे, घरची शेती भावांवर सोडून कॅसेटचे दुकान घातलेले. सीलबंद माल ते फोडत नसत, फोडलेली कॅसेट गिऱ्हाईक घेत नाही. दुकानात वाजवायला एक फोडलेली असे, तिच्यावरून कोऱ्या कॅसेटवर भरून ते शिवप्रसादांना आठ दिवसांसाठी देत. शिवप्रसाद ऐकून परत करत, मग तिच्यावर पुढची भरली जाई. परदेशी बँडच्या जुन्या कॅसेटी नव्या वेष्टनात पुन्हा आल्या, तरी हाच क्रम.

त्या सप्टेंबराच्या सुरुवातीला शिवलीला अडत दुकानाच्या पायरीशी आली होती. नेसरीची, वय चोवीस. कीबोर्ड आणि गिटारवर मराठी पॉप गाणी केली होती, वडिलांनी रान गहाण टाकून पाचशे कॅसेटी काढल्या होत्या. तिने पिशवीतून एक काढून पुढे केली. शिवप्रसादांनी हात मागे घेतला. मी बापूसोंकडची ऐकतो, असे त्यांनी सौम्यपणे सांगितले. ती हसून बरं म्हणाली आणि गेली. चौदा तारखेच्या परीक्षणात त्यांनी लिहिले की चाली चांगल्या आहेत, पण गाण्यांना उगाच घाई आहे आणि आवाज चिरका, पोरकट वाटतो. तीन वेळा ऐकून लिहिले होते, त्यामुळे झोप उडण्याचे कारण नव्हते.

नऊ वर्षे गेली. २००५ साली बापूसोंच्या दुकानात कॅसेटी खालच्या फळीवर गेल्या आणि वर एमपीथ्रीच्या तबकड्या आल्या. शिवप्रसादांच्या सदराचे चार ओळी आणि तारे झाले. निवृत्तीला सात महिने उरले होते. ऐकण्याचाही आता कंटाळा येई. नव्या गाण्यातले ठोके गुळाच्या पाट्या उतरवल्यासारखे वाटत, पण शनिवार आला की काहीतरी द्यावे लागे. त्यात एक दिवस बापूसोंनी शिवलीलाच्या त्याच गाण्यांची सीडी हातात ठेवली. तिच्या भावाने नव्याने काढली होती.

घरी लावली. आवाज भरदार होता, खाली उतरताना थोडा खरखरीत, सावकाश. ही बाई पुन्हा गायली असणार, असे त्यांना वाटले. वेष्टनावर मात्र स्पष्ट छापले होते, मूळ ध्वनिमुद्रण १९९६. त्यांनी जुनी वही काढली. पहिले गाणे वहीत चार मिनिटे, यंत्राच्या पडद्यावर चार मिनिटे बारा सेकंद. दुसरे पाच मिनिटे, इथे पाच पंधरा. तिसरे सहाचे सहा अठरा. प्रत्येकात पाच टक्के. चूक अशी शिस्तीत होत नाही.

बापूसोंकडून आणलेल्या कॅसेटींपुढे ते वहीत ‘ब’ लिहीत. त्यांतल्या तीन एव्हाना सीडीवर आल्या होत्या, त्या ताडून पाहिल्या. तिन्हींत पाच टक्के. विकत घेतलेल्या दोन ताडल्या, फरक नाही.

दुसऱ्या दिवशी वहीतले आकडे पाहून बापूसोंनी कोपऱ्यातला कॅसेट भरायचा डेक उघडला. भरायच्या बाजूचा रबरी पट्टा सैल पडून लोंबत होता. भरताना कॅसेट हळू फिरे, मग दुसऱ्या, नीट टेपवर ती पळे आणि आवाज चिरका होई.

“अर्ध्या कोल्हापूरला ह्याच्यावर गाणी भरून दिली की मी,” बापूसो म्हणाले. “एकानं तक्रार केली न्हाय. गोरी माणसं घाईतच असत्यात म्हणाले असतील.”

“ती पोरगी गोरी नव्हती, बापूसो.”

बापूसोंनी झाकण लावले. पेपरात लिहिणार का, एवढेच त्यांनी विचारले. लिहिले तर कॅसेटी भरून विकल्याचे बिंग फुटणार होते. शिवप्रसाद म्हणाले, दुकानाचे नाव घालत नाही, चूक माझी आहे. त्या आठवड्याच्या मजकुरात त्यांनी पाचपैकी चार तारे दिले आणि खाली तीन ओळी जोडल्या: १९९६ साली याच सदरात या आवाजाला चिरका म्हटले होते, ते सदोष कॅसेटवरून होते, ते चुकीचे होते. शनिवारी तारे छापून आले. तीन ओळींच्या जागी साड्यांच्या सेलची चौकट होती. संपादक म्हणाले, नऊ वर्षांपूर्वीचे कोणाच्या लक्षात आहे.

तेव्हा शिवप्रसाद रविवारी एसटीने नेसरीला गेले.

शिवलीला दूध संस्थेच्या कार्यालयात बसत होती. रविवार असला तरी संकलन चुकत नाही. तिने ओळखले, बाकावरच्या पावत्या उचलून जागा केली. तिचा आवाज ऐकून शिवप्रसादांना आधी वाटले सर्दी झाली आहे. त्यांनी सगळे क्रमाने सांगितले, वही उघडून आकडेही दाखवले. तिने ते नीट पाहिले. दुधाचे आकडे तपासायची सवय होती.

“म्हंजे मी चिरकी नव्हतेच.”

“नव्हता तुम्ही.”

“अण्णा, तुमच्यामुळं गाणं सोडलं असं न्हाय हं,” ती म्हणाली. “तुमचं वाचून मी आवाज जाड करायला लागले. दाबून दाबून दोन वर्षं गायले. गडहिंग्लजचे डॉक्टर म्हणाले गळ्यात गाठी झाल्यात. एकदा कापल्या, परत आल्या. तवापास्नं ह्योच आवाज. भावानं जुनंच काढलं, कारण नवं निघत न्हाय.”

शिवप्रसादांनी वही मिटली.

“त्या दिवशी माझी कॅसेट घेतली असती तर?” तिने विचारले. रागाने नाही, दुधाची फॅट किती लागली हे विचारावे तसे.

“बरोबर ऐकू आली असती.”

बाहेर कोणी कॅनच्या झाकणासाठी हाक मारली. ती उठली, गाडी साडेपाचला आहे, चहा घेऊन जावा, असे सांगून गेली. चहा आला, तो त्यांनी घेतला. ती परत आली नाही, येणारही नव्हती.

कोल्हापूरचे तिकीट बेचाळीस रुपये झाले. पन्नासची नोट दिली तेव्हा कंडक्टरकडे सुटे नव्हते, त्याने तिकिटामागे आठ रुपये लिहून उतरताना घ्या म्हणून सांगितले. शिवप्रसाद स्टँडवर उतरले आणि तसेच चालत घरी गेले. ते आठ रुपये एसटीकडून अजून येणे आहेत.