तारेवरची कमान

मधुकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी हरभऱ्याची भाजी निवडत होते. दवाखान्यातून त्यांची मुलगी सुषमा बोलत होती. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि भाजी संपवूनच उठले. घरातल्यांना ते कठोर वाटलं. पण भाजी टाकून दिल्याने माणूस परत येत नाही... आज त्याला महिना झाला.

ते माझे धाकटे दीर. पिपरी मेघेच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ते मोटरपंपांचे ऑटो स्टार्टर बनवायचे. शेतात वीज कधी येईल आणि कधी जाईल, याचा नेम नसायचा. तीन फेज आल्या की हा डबा मोटर आपोआप चालू करी, आणि एखादी फेज गेली की बंद करी. कारण दोन फेजवर चालली की मोटर जळते. मी चौथी शिकलेली. एक दिवस मी शेवया करत असताना ते म्हणाले, "वहिनी, इतका बारीक हात आहे तुमचा, सोल्डरिंग काऊन नाई जमणार?" तापल्या सळईने कथील वितळवून तारा चिकटवायच्या, जमलं. ते कागदावर पेन्सिलीने जोडणीचा नकाशा काढत आणि मी तो बघून तारा जोडत असे. दोन तारा नुसत्या एकमेकींवरून जात असल्या, तर ते वरच्या तारेला छोटी कमान काढायचे, नाल्यावरच्या पुलासारखी. कमान दिसली की जोडायचं नाही. एवढं कळायला कॉलेज लागत नाही. दहा वर्षं आमचं असंच चाललं.

मग कम्प्युटर आला. एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीत नकाशे काढायचं सॉफ्टवेअर होतं, आणि तेही फुकट. फुकटाचं काय कामाचं असते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, जगभरची माणसं मिळून ते बनवतात, ज्याला जे सुचेल ते तो त्यात घालतो. तुमच्या कुरडयांची रीत नाही का गल्लीभर फिरून सुधारत आली, तसं. ते मला पटलं. पुढे वर्षा-सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की ते सायबर कॅफेतून ती घेऊन येत आणि त्यात नवीन काय आलं याची यादी मला मोठ्याने वाचून दाखवत, जसं कोणी पेपरातून बाजारभाव वाचावेत. आता रिले, म्हणजे डब्यातला विजेवर चालणारा खटका, पुन्हा पुन्हा काढावा लागत नाही, तयार मिळतो. आता मोठा नकाशा दोन पानांवर मांडता येतो. आता तारेचं टोक सुटं राहिलं तर तिथे बाण उमटतो. मी तांदूळ निवडत ऐकत असे. निम्मं कळत नव्हतं, पण ते इतके खुशीत असत की उठवत नसे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये कमान मात्र नव्हती. तारा जोडल्या असतील तर ठिपका, नसतील तर नुसती फुली. आमच्या प्रिंटरची रिबन जुनी, शाई पसरायची. एका नकाशात फुलीवर शाईचा डाग पडला, आणि मी तो ठिपका समजून तारा जोडल्या. तो डबा आंजी गावच्या एका शेतकऱ्याकडे गेला. एक फेज गेली, डबा बंद झाला नाही, मोटर जळाली. तो शेतकरी भर दुपारी डबा काखेत मारून आला आणि म्हणाला, "तुमच्या डब्ब्यानं माही मोटर खाल्ली ना भाऊ." मधुकररावांनी डबा उघडला, पाहिला, आणि ते त्याच्यासमोर म्हणाले, "वहिनीची चूक आहे."

मोटर त्यांनी भरून दिली. मी दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत गेले नाही. दोनदा बोलावणं आलं. निरोप पाठवला, माझा डोळा आता पोचत नाही. डोळा चांगला होता. त्यांनी दुसरी एक बाई ठेवून पाहिली, ती आठवड्यात सोडून गेली. महिनाभराने एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर पाटावर एक नकाशा आणून ठेवला. कम्प्युटरचाच होता, पण प्रत्येक फुलीवर त्यांनी पेन्सिलीने कमान काढली होती. चाळीसेक तरी असतील. "पाहा बरं, दिसते का," एवढंच म्हणाले. मी गेले. माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही. मनात मात्र ते राहिलंच... इतकी वर्षं बिनचूक काम केलं आणि परक्या माणसापुढे एका वाक्यात संपलं.

दोनेक वर्षांनी नव्या आवृत्तीत कमान आली. त्या दिवशी त्यांनी यादी वाचली, पण हे वाचलं नाही. नकाशात कमानी छापून आल्या तेव्हा मला दिसलं. मी म्हटलं, शहाणपण आलं म्हणायचं त्या लोकांना. ते हसले फक्त.

तेराव्यानंतर सुषमाला त्यांच्या फायलीत इंग्रजी पत्रव्यवहार सापडला. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना त्यांनी कमान मागितली होती, आणि तिकडून उत्तर आलं होतं, की ही जुनी पद्धत आहे, आता कोणाला लागते? त्यावर भाऊजींनी लिहिलं होतं. सुषमाने मराठीत सांगितलं ते असं: "माझ्याकडे जोडणी करणाऱ्या बाई नकाशा माझ्यापेक्षा चांगला वाचतात. चूक त्यांची नव्हती, माझ्या नकाशाची होती. मी ती त्यांच्यावर ढकलली." मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हटलं, सातासमुद्रापलीकडे कळवलं, स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं.

दोन डबे अर्धे राहिले होते, म्हणून परवा मी त्या खोलीत बसले. त्यांनी शेवटचा काढलेला नकाशा समोर घेतला. तारा सगळ्या बरोबर होत्या, पण बारा व्होल्टच्या रिलेला त्यांनी चोवीसचा ट्रान्सफॉर्मर दाखवला होता. लावला असता तर रिले जळाला असता. आजारपणात लक्ष राहिलं नसेल. मी चोवीसवर काट मारून बारा लिहिलं आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "भाऊजी, यावेळेस चूक तुमची आहे." मग डबा पुरा केला.