चिंचेने उजळलेला सम्राट

सुकापूरला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका जुनी रोमन नाणी विकत घेतात, तीही ढिगाने, मातीसकट. मग ती भिजवायची, टूथपिकने हळूहळू कोरायची आणि भिंगातून राजाचं नाक, दाढी, कडेची अक्षरं बघत बसायचं. मी एखादं नाव सुचवलं की ते खेकसतात, "थांबा हो! अक्षरं लागल्याशिवाय बारसं करायचं नाही."

एका काळपट नाण्यावर तर त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. दोन अक्षरं लागली होती, तिसरं हुलकावणी देत होतं.

परवा मी चहाला गेलो, तर काकू तेच नाणं घेऊन हसत बाहेर आल्या. "देवाची भांडी घासत होते, म्हटलं ह्यालाही चिंच लावू. बघा कसं लखलखतंय!"

लखलखत होतं खरं, पण त्यावर ना नाक उरलं होतं, ना अक्षर. मला काकांकडे बघवेना.

काकांनी भिंग लावलं, नाणं बराच वेळ फिरवलं आणि एका सम्राटाचं नाव ठणकावून सांगितलं. "तुझ्यामुळे ओळखला गं!"

काकू खुशीत आत गेल्या. मी काही बोलणार, तोच काका हळूच म्हणाले, "बारसं झालंय. चहा घ्या."