चंद्रीची सोनेरी गव्हाण

धसईत कुणाकडे न सांगता पाहुणा टपकला, की शेजारी म्हणतात, "बरं झालं, जनाबाईंच्या घरी नाय गेला. गेला असता तर अजून ओट्यावरच बसला असता." यात थट्टा आहे, पण खोटं काही नाही. जनाबाई आल्यागेल्याला आधी ओट्यावर बसवतात. पाणी तिथंच आणून देतात. मग आतून झाडूचा आवाज येतो, भांडी हलतात, चादरी झटकल्या जातात आणि अर्ध्या तासानं पदराला हात पुसत त्या दारात येतात, "या आता आत." घाईतला माणूस तोवर निघून गेलेला असतो.

बत्तीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. गावातल्या दोन पिढ्यांची नाकं त्यांनी पुसली, हात धुतले, नखं कापली. मुरबाड-धसई बसचा कंडक्टर शाम हा त्यांच्याच हाताखालून गेलेला. आता त्याला भरदार मिशा आहेत, पण जनाबाई बसमध्ये चढल्या, की तिकीट देताना तो अजून नखं आत दुमडतो.

नोकरी संपली तशी त्यांनी देवळाकडे मोर्चा वळवला. देऊळ म्हणजे गावाच्या कडेला अकरा ख्रिस्ती घरांनी मिळून बांधलेलं पत्र्याचं प्रार्थनाघर. तिथली फरशी त्या दर शनिवारी अशी धुतात, की रविवारी पाळकसाहेब जपून पाऊल टाकतात. एकदा ते घसरलेही होते. जनाबाईंनी त्यांना उठवायच्या आधी चप्पल कुठं काढली ते विचारलं, असं लोक सांगतात. हे मात्र मला खरं वाटत नाही.

आता नाताळची गोष्ट. देवळात दर नाताळला मुलांची नाटुकली होते आणि तिला गव्हाण लागते, कारण प्रभूचा जन्म गोठ्यातला आणि बाळाला ठेवलं ते गव्हाणीत. जनाबाईंकडे गुरं नाहीत. पण शेजारच्या धाऊकडे एक गव्हाण आहे, त्याच्या आज्यानं एकाच ओंडक्यातून कोरलेली, कडा गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या. धाऊ भातशेती करणारा हिंदू माणूस. तो आणि त्याची बायको सकुबाई दर वर्षी चार दिवस ती गव्हाण खुशीनं देतात आणि नाताळच्या संध्याकाळी गव्हाण परत येते ती करंज्यांचं ताट घेऊन. त्यांची म्हैस चंद्री ते चार दिवस जमिनीवरचा पेंढा खाते आणि कुणाशी बोलत नाही.

यंदा पाळकसाहेब नाताळच्या आधीच्या रविवारी उपदेशात म्हणाले, "आपलं अंतःकरण हीच गव्हाण. तिथं प्रभू येणार आहे. ती स्वच्छ करा." झालं. आधीच सफाईची हौस, त्यात पाळकसाहेबांचा शब्द. जनाबाईंच्या मनानं घेतलं, की अंतःकरणाचं नंतर बघू, पण ही लाकडी गव्हाण तरी यंदा प्रभूला शोभेशी झाली पाहिजे. पुतण्या अनिल कल्याणला रंगकाम करतो, तो सुट्टीवर आला होता. त्याला त्या म्हणाल्या, "अशी कर, का कुनी शेनाचं नाव काढलं नाय पायजे." अनिल हुशार मुलगा. त्यानं गव्हाण घासली, भेगा लांबी भरून बुजवल्या आणि आतून-बाहेरून सोनेरी तेलरंगाचे दोन हात मारले. चोवीस तारखेला ती देवळात ठेवली, तेव्हा लहान मुलांनी तिला हात लावून बघितला आणि जनाबाईंनी लगेच फडक्यानं पुसून घेतलं.

पण हा सगळा उत्साह नुसत्या नाताळचा नव्हता. त्याखाली एक दुखणं होतं. जनाबाईंचा मुलगा सुनिल बदलापूरला असतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं प्रियांकाशी कोर्टात लग्न केलं. मुलगी दुसऱ्या धर्माची. जनाबाईंनी आरडाओरडा केला नाही, रडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "आन तिला घरी. पन घर जरा नीट होऊ दे." मग घर नीट होऊ लागलं. आधी लाद्या बसायच्या होत्या. लाद्या बसल्या, तर न्हाणीघराला दार नव्हतं. मग भिंतीला पोपडे आले. मध्ये सुनिलला मुलगी झाली, तिला लाडानं चिमी म्हणतात, जनाबाई बदलापूरच्या दवाखान्यात जाऊन तासभर तिला बघून आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "रंगाचं काम झालं का या तुमी." चिमी आता आठ महिन्यांची झाली. सुनिल दर महिन्याला फोनवर विचारायचा. नाताळलाही विचारलं होतं. जनाबाई म्हणाल्या होत्या, "सिमेंटच्या गोनी पडल्यात रे घरात. पोरगी रांगती हाय. पुढच्या महिन्यात बघू." त्यावर सुनिलनं फोन ठेवला. आई कधी बोलावणारच नाही असं त्याला वाटू लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर रात्री पडल्या पडल्या जनाबाईंनाही ते वाटायचं.

नाताळच्या दिवशी सकाळची उपासना संपली. लोक एकमेकांना सलाम करत, गळाभेटी घेत बाहेर पडत होते, तर दारात धाऊ उभा. पायात चपला नाहीत, अंगावर कालचाच सदरा.

"परोगराम झाला का जनाबाय?" त्यानं विचारलं. "झाला आसंल तं गव्हान नेतो. चंद्री पाटं याली. अजून वीस दिस व्हते, पन याली. घमेल्यात आंबोन दिलं तं शिवत नाय. उपाशी हाय ती, दूद सोडत नाय, रेडकू वरडतंय."

मग त्याची नजर आत गेली. सोनेरी गव्हाणीवर ऊन पडलं होतं. धाऊ बराच वेळ बघत राहिला. आज्याच्या हातची वस्तू होती ती. शेवटी तो एवढंच म्हणाला, "झाक केलीय."

जनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाऊ चिडला असता तर त्यांनी चार शब्द उलटे ऐकवले असते, पण तो चिडला नाही. त्यानं आणि अनिलनं गव्हाण उचलली. मागून जनाबाई नव्या पांढऱ्या लुगड्यात, वाटेतलं शेण चुकवत, गोठ्यापर्यंत गेल्या. गोठ्यात त्या पाच-सहा वर्षांत फिरकल्या नव्हत्या.

सकुबाईनं कोंडा, पेंड आणि गुळाचं गरम आंबोण गव्हाणीत ओतलं. चंद्री दोन पावलं पुढे आली. तिनं हुंगलं. मग नाकातून जोरात फुरफुर केली, सगळं आंबोण जनाबाईंच्या लुगड्यावर उडालं, आणि ती मागे वळून उभी राहिली. कोपऱ्यात रेडकू थरथरत ओरडत होतं. अनिल तोंड फिरवून हसला, पण काकूनं बघितलं तसं त्यानं हसू गिळलं.

"तिला तिचा वास लागतो," धाऊ म्हणाला. "ही तिला कुना दुसऱ्याची वाटतीय."

"आनि हा रंग तिच्या पोटात गेला तं?" सकुबाई म्हणाली.

आता मात्र जनाबाईंनी पदर खोचला. चूक त्यांची होती आणि ती निस्तरल्याशिवाय घरी जाणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. अनिलनं पळत जाऊन घरून रंग खरवडायची पत्री आणि पॉलिशपेपर आणला, धाऊनं पटाशी आणली. दोघांनी मिळून दोन तास ते सोनं खरवडलं. खाली पिवळ्या भुशाचा ढीग झाला. आतून खालचं जुनं लाकूड दिसू लागलं तेव्हा जनाबाईंनी त्यात कोंडा आणि गुळाचं पाणी चोळलं. आणि मग, धसईतल्या कुणीही सांगून पटलं नसतं असं काम त्यांनी केलं. चंद्रीच्या खालचा ओला, शेणामुताचा पेंढा दोन्ही हातांनी उचलला आणि गव्हाणीच्या बाहेरून खसाखसा घासला. कोपरापर्यंत हात भरले. नव्या लुगड्याची दशा बघवत नव्हती.

घासता घासता धाऊनं सहज विचारलं. माणूस जिज्ञासू, दर वर्षी नाटुकली बघायला येणारा. "जनाबाय, तुमच्या त्या गोष्टीत देवाचं पोर ठेवायच्या आधी गोठा सारवला व्हता का वो?"

जनाबाई थांबल्या. साठ वर्षं त्या ही गोष्ट ऐकत होत्या. लहानपणी तोंडपाठ केली होती, अंगणवाडीतल्या मुलांना सांगितली होती. त्यांनी मनातल्या मनात एकेक ओळ पुढे सरकवली. नावनोंदणी, प्रवास, उतारशाळेत जागा नाही, बाळाला बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. मधे कुठं झाडू नव्हता.

"नाय," त्या म्हणाल्या. "तसं काय लिवलेलं नाय."

"मंग तशाच गोठ्यात?"

"तशाच."

धाऊला ते पटलं. त्यानं मान हलवली आणि पटाशी पुसली. गोठ्यातलं पोर जन्माला यायला सारवणाची वाट बघत नाही, हे त्याला काही नवं नव्हतं. त्याच्या गोठ्यात पहाटेच तसं घडलं होतं.

सकुबाईनं पुन्हा आंबोण ओतलं. चंद्रीनं मान वळवली, हुंगलं, जरा विचार केला आणि तोंड घातलं. तिच्या खाण्याचा आवाज गोठाभर झाला. थोड्या वेळानं धाऊनं रेडकू कासेला लावलं आणि ते ओरडायचं थांबलं. सगळे हसले. जनाबाईही हसल्या.

"सुनिल येनार व्हता ना नाताळला?" सकुबाईनं विचारलं. "नातीला घेऊन?"

"घर व्हयाचं हाय अजून," जनाबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं. दोन वर्षं तेच वाक्य त्या सगळ्यांना देत आल्या होत्या. पण या वेळी ते त्यांच्या स्वतःच्या कानात गेलं. समोर म्हैस खात होती, हातावर शेण वाळत होतं. येणारा तर कधीचाच आला होता, आणि कुणाचं घर तयार आहे का हे त्यानं विचारलं नव्हतं. माझ्या दारात आला असता तर मी त्यालाही रंग वाळेस्तोवर बदलापूरला ठेवलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सकू, माझ्या कनवटीचा फोन काढ," त्या म्हणाल्या. "सुनिलचा लाव. माझे हात भरलेत."

सकुबाईनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. उचलला प्रियांकानं. ती जरा घाबरूनच बोलली. "आई? नाताळच्या शुभेच्छा. हे खाली गेलेत. घराचं काम झालं का?"

"नाय झालं," जनाबाई म्हणाल्या. "काय झालं नाय. तरी ये. आजच ये. चिमीला घेऊन ये."

पलीकडे बॅग ओढल्याचा आवाज आला. मग प्रियांका म्हणाली, "निघतो आम्ही."

बदलापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई. बस साडेचारला येणार होती. मधे तीन तास होते. जनाबाई घरी गेल्या असत्या तर त्यांनी झाडायला घेतलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्या घरी गेल्याच नाहीत. धाऊच्या विहिरीवर हात धुतले, सकुबाईकडे भाकरी खाल्ली आणि तशाच लुगड्यात स्टँडवर जाऊन बसल्या. येणारे-जाणारे वाकून बघत होते. बस आली तेव्हा दारात शाम होता. जनाबाईंचा अवतार बघून तो मिशीत हसला आणि त्या दिवशी त्यानं नखं लपवली नाहीत.

प्रियांका उतरली, मागून बॅगा घेऊन सुनिल. जनाबाई म्हणाल्या, "हात धुतलेत मी, दोनदा. लुगडं मातर घान हाय." प्रियांकानं चिमीला त्यांच्या हातात दिलं. पोरीनं लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि तो थेट तोंडात घातला. जनाबाईंनी तो काढून घेतला नाही, असं म्हणवत नाही. घेतला, पण रागावल्या नाहीत.

घरात खरोखरच सिमेंटच्या गोणी होत्या. न्हाणीघराचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. अर्ध्या भिंतींना रंग होता, अर्ध्यांना पोपडे. प्रियांका सगळीकडे बघत आत फिरली. मग ती हसत म्हणाली, "आई, खरंच झालेलं नाही हो घर. मला वाटायचं, तुम्ही नुसतं कारण सांगताय."

सुनिल बॅगा ठेवता ठेवता थांबला. जनाबाईंना हसून वेळ मारून नेता आली असती. गोणी साक्षीला होत्या. त्यांनी चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"कारनच व्हतं, बाय," त्या म्हणाल्या. "घर दोन महिन्यांत झालं असतं. माझं मन व्हत नव्हतं."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"माहीत होतं मला," प्रियांका म्हणाली. "तरी आले."

मग तिनं एक गोणी पायानं बाजूला सरकवली, तिथंच बसकण मारली आणि चिमीसाठी मऊ भात आहे का, असं सासूला विचारलं.