देवघरावरचं न्हाणीघर

प्रज्योतला हेवा वाटायला लागला तो स्वतःच्या बायकोचा, आणि हीच खरी अडचण होती. दुसऱ्या कोणाचा वाटला असता तर घरी येऊन बायकोपाशी त्या माणसाला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

तो मूळचा पेणकडचा. वडिलांची मिठागरं गेल्यावर भावांनी डंपर घेतले, याने मात्र आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि बोर्ली पंचतनला अजेयच्या ऑफिसात चिकटला. अजेय आर्किटेक्ट, दिवेआगरच्या वाडीवाल्यांपैकी. मुंबई-पुण्याच्या लोकांना समुद्राकाठी बंगले बांधून द्यायचा. बारा वर्षांत त्याच्या ऑफिसातून बाहेर पडलेला एकूण एक नकाशा प्रज्योतच्या हातचा. "नकाशा प्रज्योतने काढलाय म्हणजे मी बघायलाही जात नाही," असं अजेय गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा प्रज्योत मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसायचा. पण ऐकायचा सगळं.

मग अजेयच्या डोक्यात नवीन खूळ आलं. गिऱ्हाइकांना घर साधारण सारखंच हवं असतं, फक्त याला छप्पर कौलारू, त्याला सपाट. एकाला जिना आतून, दुसऱ्याला बाहेरून. तेव्हा कॉम्प्युटरवर एकच घर तयार करायचं. गिऱ्हाइकाने समोर बसून पर्याय निवडायचे, तसं घर बदलत जाईल, आणि शेवटी नकाशा आपोआप छापून निघेल. काम अर्थातच प्रज्योतकडे आलं.

भिंती, खोल्या, पडव्या त्याने महिन्याभरात उभ्या केल्या. अडलं ते पर्यायांपाशी. कौलारू छप्पर घेतलं की गच्ची जाते. गच्ची गेली की तिच्यावरची पाण्याची टाकी जाते, वर जाणारा जिनाही जातो. हे गवंड्याला सांगावं लागत नाही, पण कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय कळत नाही. प्रज्योत प्रत्येक घरासाठी वेगवेगळं लिहीत सुटला. एक नीट करावं तर दुसरं बिघडायचं. एकदा टाकी अधांतरी लटकली, एकदा जिना कौलं फोडून वर आला. तीन महिने असे गेले.

नेत्राला तिथे त्यानेच आणलं. ती बी.एस्सी., गणित घेऊन. म्हसळ्याला एका क्लासात शिकवायची, तो बंद पडला होता. दारं-खिडक्यांच्या याद्या भरायला कोणीतरी हवंच होतं. प्रज्योतने अजेयला विचारलं, आपल्या शेजारी खुर्ची टाकून दिली आणि माऊस कसा धरायचा इथपासून तिला शिकवायला लागला. ती हसून म्हणाली, "अहो, तेवढं येतं मला."

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही प्रत्येक घराचं वेगळं कशाला लिहिताय? कोण कोणाच्या आधाराने आहे तेवढंच सांगायचं. टाकी गच्चीच्या आधाराने, गच्ची छपराच्या. छप्पर बदललं की बाकीचं आपसूक बदलेल."

"ते इतकं सोपं न्हाय. तू याद्या भर."

तिने याद्या भरल्या. पण दुपारी चांगदेव मिस्त्री हिशोबाला आला की त्याला चहा देऊन विचारत बसायची: बाहेरून जिना घेतला तर माडीला दुसरं दार लागेल का? मागची पडवी वाढवली तर विहिरीवर जायचं कुठून? चांगदेव चाळीस वर्षं गवंडीकाम करत आलेला; त्याला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. तो रंगात येऊन सांगायचा. रात्री जेवताना ती प्रज्योतलाही विचारायची, आणि तोही भाताचा घास हातात धरून सांगायचा.

पंधरा दिवसांत तिने चाळीस नियम घातले. न जमणारा पर्याय निवडला की तो फिका पडायचा आणि खाली ओळ यायची, का जमत नाही त्याची. अजेय अर्धा तास लहान मुलासारखा छपरं बदलत बसला. "नेत्रा, हे तू केलंस?"

"आम्ही दोघांनी," ती म्हणाली.

पण अजेयची खुर्ची त्या दिवसापासून तिच्या टेबलाकडे वळली. गिऱ्हाईक आलं की हाक तिला. कॉम्प्युटरवरचं हे मॉडेल उघडलं की पहिल्या पानावर अजेयने लिहून घेतलं होतं, 'रचना व नियम: नेत्रा'. त्याखाली बारीक अक्षरात, 'आरेखन साहाय्य: प्रज्योत'. साहाय्य! प्रज्योत दिवसातून दहा वेळा ते पान उघडायचा आणि दहा वेळा त्याच्या अंगाची लाही व्हायची. घरी तो कालवणात मीठ कमी म्हणून खोड काढायला लागला. ऑफिसात 'अहो' म्हटलं की लोक हसतात म्हणून ती 'प्रज्योत सर' म्हणायची, तर ती आपल्याला टोमणाच मारतेय असं त्याला वाटायचं.

एका मंगळवारी ती बँकेत गेली होती. प्रज्योत आपल्या मशीनवर बसून तिच्या नियमांची यादी वाचत होता. प्रत्येक नियमापुढे एक खूण; ती असली तरच तो नियम लागू. वाचता वाचता तो थांबला: 'माडीवरचं न्हाणीघर खालच्या न्हाणीघराच्या बरोबर वरच.' हे तर त्याने तिला सांगितलेलं होतं. नळ सरळ खाली उतरावेत म्हणून, जेवताना! आणि आता तेही तिच्या नावावर. त्याने त्या नियमापुढची खूण काढून टाकली. बघू तर खरं काय होतंय, असं मनाशी म्हणाला आणि चहा प्यायला खाली उतरला.

शुक्रवारी ठाण्याहून अनुसूयाबाई आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, सोबत यजमान. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नेत्राने घर उघडलं. बाईंनी कौलं घेतली, माडी घेतली, आणि माडीवरचं न्हाणीघर, संडासासकट, पश्चिमेला मागितलं, म्हणजे खिडकीतून समुद्र दिसेल. घराने काही हरकत घेतली नाही.

"आणि याच्या खाली काय येतं हो?" बाईंनी सहज विचारलं.

नेत्राने माडी बाजूला केली. खाली देवघर होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे माझ्या देवांच्या डोक्यावर संडास?" त्या ओरडल्या नाहीत. पर्स उचलली आणि यजमानांना म्हणाल्या, "चला."

त्यांना गाडीपर्यंत सोडून अजेय परत आला तो लालबुंद होऊन. "गिऱ्हाइकासमोर उघडण्याआधी एकदा तपासून बघावं, एवढंही कळू नये? प्रज्योत, हिचं सगळं काम यापुढे तू बघत जा."

गेले कित्येक महिने प्रज्योतला हेच वाक्य ऐकायचं होतं. क्षणभर त्याला खरंच बरं वाटलं, अगदी छाती भरून आली. "बघतो," तो म्हणाला.

नेत्राने यादी उघडली. खूण निघालेली दिसली. मग तिने आणखी एक पान उघडलं, प्रज्योतने कधी न पाहिलेलं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद मॉडेल स्वतःच ठेवत होतं. तिने ती ओळ वाचली, मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, खूण परत घातली आणि मशीन बंद केलं. त्या संध्याकाळी ती त्याच्या स्कूटरवर बसली नाही. बाजारात काम आहे म्हणाली आणि एसटीने घरी आली.

शनिवार गेला, रविवार गेला. ती रांधत होती, वाढत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. सोमवारी सकाळी ती डबा भरत असताना त्याला राहवेना.

"नेत्रा, ती खूण मी काढली."

"माहितीये मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होते." तिने डब्याचं झाकण लावलं. "का काढलीत?"

"तुझं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं," तो म्हणाला. असं काही आपण तोंडाने बोलू, हे त्याला स्वतःलाही खरं वाटत नव्हतं. "बारा वर्षं मी मान मोडून रेघा मारल्या. तू आलीस आणि पंधरा दिवसांत..."

नेत्राने डबा ओट्यावर ठेवला. "तो नियम तुमचा होता. तसं लिहायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण त्या बाईंसमोर तुम्ही मला उभं केलंत आणि वर 'बघतो' म्हणालात. हे मी विसरेन असं नाही वाटत मला."

"अजेयदादांना सांगशील?"

"मी कशाला? तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं. अजेयने केबिनचं दार लावून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "सगळ्यांदेखत बोललो रे मी तिला." मग बाहेर येऊन, सगळ्यांदेखतच, नेत्राची माफी मागितली. प्रज्योतचं नाव मॉडेलमधून निघालं आणि त्याला आरावीला समुद्राकाठच्या साइटवर धाडलं. अनुसूयाबाई महिन्याभराने परत आल्या, पेपर तपासावा तसा एकेक नियम नेत्राकडून समजून घेतला, आणि माडीच नको म्हणून बैठं घर घेतलं.

आरावीच्या साइटवर त्या पावसाळ्यात भरतीचं पाणी कुंपणाच्या आत आलं. चांगदेव म्हणाला, "जोतं दोन फूट उचलाया हवं." प्रज्योत चिखलात उभा राहून विचार करत होता. जोतं उचललं की पायऱ्या वाढणार, पायऱ्या वाढल्या की पुढची पडवी आखूड होणार, म्हाताऱ्या माणसांसाठी उतारही करावा लागणार. त्याने सगळं कागदावर मांडलं. खिशात ठेवून द्यावं असंही एकदा मनात आलं. पण संध्याकाळी त्याने तो कागद नेत्राच्या हातात दिला.

तिने नियम घातला आणि पुढे लिहिलं, 'प्रज्योत यांच्याकडून'. अजेयने फोन करून शाबासकी दिली. प्रज्योतला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. तिच्या जागी आपण असतो तर असं नाव घातलं असतं का, हे त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं तेव्हा त्याला तिच्या त्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला. हे त्याने तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उतार किती ठेवायचा ते विचारायला तिचा फोन आला, तेव्हा तो टेप घेऊन पुन्हा चिखलात उतरला.