साबुदाण्याची सहा घरं

माझ्या सासूबाईंना दुसऱ्याचं भलं करायला मनापासून आवडायचं. फक्त ते भलं त्यांच्या पद्धतीनं करून घ्यावं लागे. दारात मागायला आलेल्याला भाकरी हमखास मिळायची, पण आधी हात धुऊन ये, असं सांगितलं जायचं, आणि तो खाऊन उठेपर्यंत त्या उंबऱ्यात उभ्या असायच्या. बेलापूरहून लग्न होऊन मी नगरला आले ती या घरात. मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्यावाचून हे घर चालणार नाही हेही दिसायचं.

त्या काळात दिवाळी उरकली की तिबेटी बाया स्वेटर विकायला नगरला येत. कापडबाजाराच्या आसपास दोऱ्या बांधून त्यांवर रंगीत स्वेटर टांगत आणि संक्रांत झाली की गाशा गुंडाळून जात. उन्हाळ्यात हीच माणसं हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. देश सोडून आलेली निर्वासित माणसं, याहून जास्त आम्हाला काही ठाऊक नव्हतं. गल्लीतली पोरं त्यांना 'चिनी' म्हणून चिडवायची. ज्यांच्यामुळे घरदार सुटलं त्यांचंच नाव आपण यांना चिकटवतोय, हे पोरांच्या गावीही नव्हतं आणि त्यांच्या आईबापांच्याही.

आमच्या ओट्याला लागून बसणाऱ्या बाईबरोबर तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी असे. आईला मोडकंतोडकं हिंदी यायचं. मुलगी मात्र बघता बघता मराठी बोलायला लागली आणि मग समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागली. सासूबाई ओट्यावर गहू निवडत बसायच्या. त्यांनी तिला एकदा पाढे शिकवले आणि दुसऱ्या दिवशी म्हणून घेतले. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "ही पोर शिकली पाहिजे." त्यांच्या तोंडून 'पाहिजे' निघालं की ते व्हायचंच. आमच्या घरात माझ्या नवऱ्याचं लग्नही असंच झालं होतं.

मुलीचा बाप रस्त्याच्या कामावर सुरुंगात गेलेला. तिथं डोंगरात शाळा नव्हती. आई दोन दिवस नेहमीसारखी स्वेटर टांगत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना हिंदीत एवढंच विचारलं, "पढ़ेगी तो पत्थर नहीं तोड़ेगी?" सासूबाई म्हणाल्या, नाही फोडणार. संक्रांतीनंतर बाकीच्या बायांबरोबर ती निघून गेली आणि मुलगी आमच्या भरवशावर राहिली.

मुख्याध्यापिकाबाईंनी फी माफ केली आणि शाळेच्या वसतिगृहात एक खाट दिली. प्रश्न जेवणाचा होता. त्या वसतिगृहात स्वयंपाकघर नव्हतं. पारनेर, पाथर्डी, शेवगावकडच्या मुलींचे डबे सकाळच्या एसटीनं गावाहून येत. दोन पुडांचा डबा असायचा, वरचा पूड दुपारला आणि खालचा रात्रीला. या मुलीला गावच नव्हतं, तर डबा कुठल्या एसटीनं यायचा?

सासूबाईंना आपल्या सासऱ्यांची आठवण झाली. ते वार लावून शिकले होते. गरीब विद्यार्थ्यानं सात घरं धरायची आणि रोज एका घरी जेवायचं, ही जुनी रीत. सासूबाई म्हणाल्या, पोरगी घरोघर हिंडणार नाही, आपण डबा पोचवायचा, बाकी रीत तीच. त्यांनी भजनाच्या बायकांना आमच्या माजघरात बोलावलं आणि वार वाटून घेतले.

मी चहा देत होते, म्हणून ती वाटणी मी डोळ्यांनी पाहिली. विद्यार्थ्याला अन्न घालायचं म्हणजे पुण्याचं काम. ते पुण्याच्याच दिवशी केलेलं बरं, असं प्रत्येकीला आपापलं सुचलं. सासूबाईंनी शंकराचा म्हणून सोमवार घेतला. महिन्याला शिर्डीला जाणाऱ्या बाईंनी गुरुवार मागून घेतला. शिंगणापूरच्या शनीला तेल वाहणाऱ्या बाईंना शनिवारच हवा होता. मंगळवार गणपतीकडे, बुधवार पांडुरंगाकडे आणि शुक्रवार देवीकडे गेला. रविवारला कुणाचा देव नव्हता. तो घेतला मागच्या गल्लीतल्या नर्सबाईंनी. त्यांचं घर बौद्ध झालेलं, सिव्हिल हॉस्पिटलात नोकरी, आणि रविवारी बहुधा सुटी असायची. त्या भजनाला येत नसत, पण बातमी ऐकून आपणहून आल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "घ्या की, रिकामाच आहे तो." डबा परस्पर वसतिगृहात जाणार होता, त्यामुळे कुणाच्या सोवळ्याला धक्काही लागत नव्हता. सगळ्या बायका समाधानानं घरी गेल्या.

आमच्याकडे सोमवार कडक असे. दिवेलागणीला उपास सुटायचा, तोवर चुलीवर तवा चढत नसे. शाळेची शिपाईबाई डबा न्यायला सकाळी यायची. पहिल्याच सोमवारी मी सासूबाईंना विचारलं, मुलीसाठी दोन भाकरी वेगळ्या टाकू का? त्या म्हणाल्या, "आठवड्यातून एक दिवस फराळाचं खाल्लं तर कुणी मरत नाही. उलट पोरं खिचडीसाठी जीव टाकतात." मग मी वरच्या पुडात साबुदाण्याची खिचडी भरली आणि खालच्या पुडात भगर आणि दाण्याची आमटी. तूप सढळ हातानं घातलं.

त्या बोलल्या त्यात चूक काहीच नव्हती. फक्त हेच वाक्य त्या आठवड्यात आणखी पाच स्वयंपाकघरांत बोललं गेलं. जिचा तिचा वार म्हणजे जिचा तिचा उपास. प्रत्येक घरातून एकच दिवस फराळाचा डबा जात होता आणि प्रत्येक घराला वाटत होतं, बाकीचे सहा दिवस पोरगी भाकरी-कालवण खातेय. खिचडी, भगर, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचा लाडू. 'एकादशी, दुप्पट खाशी' असं आपण हसून म्हणतो, कारण दुसऱ्या दिवशी द्वादशी येते. हिच्या पंचांगात द्वादशी आठवड्यातून एकदाच यायची.

सुरुवातीला वसतिगृहातल्या मुली खुशीनं तिच्याशी अदलाबदल करायच्या. पण खिचडीचं कौतुक किती दिवस टिकणार? आणि रात्रीच्या पुडातला गार, गोळा झालेली भगर तर कुणालाच नको असायची.

पावसाळ्यापर्यंत ती वाळली. सासूबाई म्हणाल्या, "डोंगरातली पोर, आपली हवा मानवत नाही." गुरुवारच्या बाईंनी अंगारा पाठवला. अभ्यासात मात्र ती पुढं होती. वसतिगृहातल्या मुलींच्या संगतीत तिची मराठी अस्सल खेड्यातली झाली होती आणि शाळेतल्या बाई ती सुधारण्याच्या खटपटीत असायच्या. दसऱ्याला सासूबाईंनी तिला घरी जेवायला बोलावलं. ती पुरणपोळ्यांवर पुरणपोळ्या खात राहिली, मान वर न करता. ती गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "दिसते एवढीशी, पण खादाड आहे गं." खादाड म्हणताना त्या खूश होत्या. आपल्या हातचं कुणी भरपूर खाल्लं की त्यांना बरं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात लढाईच्या गोष्टी चालल्या होत्या. बंगालमध्ये लाखांनी निर्वासित आलेले. त्यांच्यासाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे आणि सासूबाई ते तक्रार न करता लावायच्या. एका सोमवारी दुपारी त्या कुणाला तरी पत्र लिहीत बसल्या होत्या, तेव्हा स्वेटरवाली बाई मुलीला घेऊन दारात उभी राहिली. आदल्याच दिवशी ती नगरला पोचली होती. पाठीवर एक छोटं पोतं होतं.

तिनं ते पोतं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. आत भाजलेल्या सातूचं पीठ होतं. सासूबाईंचा चेहरा खुलला. "अगं, कशाला आणायचं एवढं!" त्या म्हणाल्या आणि मला चहा टाकायला सांगितला.

मी आत वळले तोवर बाई आपल्या भाषेत बोलायला लागली होती. हिंदी पुरणार नाही असं काहीतरी तिच्या मनात असावं. मुलगी खाली बघत एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

"आजी, आई म्हनती, तुमचे उपकार आमी इसरनार न्हाई. पन ती मला घिऊन जानार हाय."

सासूबाईंनी टाक खाली ठेवला. "घेऊन जाणार? आणि शाळा? का, काय कमी पडलं हिला इथं?"

मुलीनं आईला सांगितलं. आई बराच वेळ बोलली. मुलगी पोत्याच्या दोरीशी चाळा करू लागली. सासूबाईंनी दटावलं, "बोल की!"

"आई म्हनती, तुमीच लई गरीब हाय. तुमच्याकडं दाना न्हाई. सा घरं नुसती मुळं उकडून खात्यात आन् त्यातलंच मला देत्यात. एकट्या रविवारच्या मावशी श्रीमंत हायेत, त्यांच्यात भाकरी असती, मटन असतं. पन एकट्या मावशींवर किती वझं टाकायचं? म्हून हे पीठ. ते तुमी सा जनींनी वाटून घ्या."

मला हसू फुटलं आणि ते मी पदरात दाबलं. आमच्या सासूबाई, ज्यांच्या हाताखालून दर साली ज्वारीची पोती मोजून आत यायची, त्या गरीब! आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या नर्सबाई श्रीमंत!

"सहा घरं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे मंगळवारी काय असतं तुला?"

"भगर."

"गुरुवारी?"

"खिचडी. कदी रताळं."

"शनिवारी?"

"खिचडी, आजी."

"आणि तू बोलली नाहीस कधी?"

मुलगी म्हणाली, "गरिबाच्या ताटाला नावं ठिवू न्हाई, असं आईनं सांगितलंय. दसऱ्याला तुमी उसनं आनून पोळ्या केल्या आसतील, म्हून मी पोटभर खाल्लं. वाया जायला नगं."

माझं हसू तिथंच जिरलं. सासूबाई उठल्या. बाईचा हात धरून त्यांनी तिला सरळ कोठीच्या खोलीत नेलं आणि दार उघडून दाखवलं. ज्वारीच्या कणग्या, बाजरीचं पोतं, डाळींचे डबे, कैरीच्या लोणच्याच्या बरण्या. आपण गरीब नाही हे सिद्ध करायची एवढी घाई मी कुणाला कधी पाहिली नाही.

बाईनं सगळं नीट पाहिलं. ती चिडली नाही. तिनं मुलीला एकच छोटं वाक्य सांगितलं.

"आई इचारती, मग दिलं का न्हाई?"

सासूबाईंनी एका बरणीवरचं फडकं नीट केलं. मग त्या समजावून सांगायला लागल्या. उपास म्हणजे काय, सोमवार म्हणजे काय, देवासाठी अन्न कसं सोडायचं, ते सोडल्यानं घराचं कसं बरं होतं. त्या सांगत होत्या आणि मुलगी जमेल तसं आईला सांगत होती. बाईनं मध्येच थांबवून विचारलं, घरात असून उपाशी राहायचं? सासूबाई म्हणाल्या, हो, असून. बाईनं पुन्हा कणग्यांकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. ती टिंगल करत नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

मग ती बोलली. आईनं मुलीच्या खांद्याला हात लावला, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई म्हनती, तुमचा देव मोठा आसंल. पन त्याला सांगा, तिचे उपास झालेत. बर्फातनं डोंगर उतरताना. मी तिच्या पाठीवर हुते. माजा धाकला भाऊ पन हुता. त्याचे बी झाले."

सासूबाईंनी मुलीकडं पाहिलं. वर्षभर त्या तिच्याकडं पाहतच होत्या, पण तिची मनगटं त्यांना तेव्हा दिसली असावीत. मला त्यांची दया आली. सहा बायकांनी इतक्या निगुतीनं, इतकं तूप घालून एका पोरीला उपाशी ठेवलं होतं, आणि त्यातल्या एकीचीही नियत खोटी नव्हती.

"तवा ठेव," सासूबाई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "आज सोमवार आहे."

"ठाऊक आहे मला. सरक." त्यांनी स्वतःच परात ओढली आणि संध्याकाळी उपास सोडायला म्हणून सकाळी दळून ठेवलेलं पीठ घेतलं. दिवसाढवळ्या, सोमवारी, आमच्या चुलीवर भाकरी फुगली. वांग्याचं भरीत झालं. मुलगी पाटावर बसली आणि आई भिंतीला टेकून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाढलं तर तिनं हातानंच नको म्हटलं.

मुलीनं दुसरी भाकरी संपवली. सासूबाई तिसरी तव्यावर टाकून, बाईकडं पाठ करून म्हणाल्या, "विचार तुझ्या आईला. नेतेय का तुला?"

मुलीनं विचारलं. बाई उत्तर न देता उठली. तिनं मोरीवर हात धुतले, परातीजवळ बसली, आणि पिठाचा गोळा उचलून सासूबाईंचं बघून थापू लागली. भाकरी वेडीवाकडी झाली. सासूबाईंनी ती तशीच तव्यावर टाकली, भाजली आणि मुलीच्या ताटात वाढली. मग बाईनं दारात जाऊन चपला घातल्या आणि मुलीला न घेता बाजाराच्या दिशेनं, आपल्या स्वेटरांकडं निघून गेली.

सातूचं पोतं तिथंच होतं. संध्याकाळी दिवा लागल्यावर सासूबाईंनी त्यातलं मूठभर पीठ पाण्यात कालवलं आणि त्यावर आपला सोमवार सोडला.