बोलणाऱ्याचं बोट

बाईंचं टाइपघर जिथे होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या रस्त्याने जाताना बाईंचे पाय अजूनही रेंगाळतात. दुकान चकाचक आहे, दिवे डोळ्यांत घुसतात, पण बसायला एक खुर्ची नाही. लोक उभ्या उभ्या घेतात आणि चालू पडतात. बाईंना याचाच राग येतो. टाइपघरात खुर्च्या होत्या. एकीसारखी दुसरी नव्हती, एक तर भिंतीला टेकवल्याशिवाय उभीच राहायची नाही, पण संध्याकाळी त्यांतली एकही रिकामी नसायची.

बाईंना सगळं गाव बाईच म्हणायचं, बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरासुद्धा. आधी त्या कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायच्या. मग कॉम्प्युटर आला, त्यामागून इंटरनेट आलं आणि गावातल्या काही उत्साही मंडळींनी इंटरनेटवर गावासाठी एक ‘फळा’ सुरू केला. ज्याला जे सांगायचं त्याने ते तिथे लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की ज्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं त्यांतल्या निम्म्यांना टाइप करता येत नव्हतं. ती माणसं बाईंकडे आली.

बाईंची पद्धत ठरलेली. माणूस शेजारच्या खुर्चीत बसला की त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणायच्या, “बोला.” तो बोलेल तसं त्या टाइप करायच्या, मग सगळं मोठ्याने वाचून दाखवायच्या. स्वतःचा एक शब्द घालायच्या नाहीत की काढायच्या नाहीत. शेवटची कळ मात्र त्या कधीच दाबायच्या नाहीत. कीबोर्ड समोरच्याकडे सरकवायचा. “बोलणं तुमचं, बोटही तुमचंच.” मग तो माणूस बोट धोतराला, साडीला, पँटला पुसायचा, गरम तव्याला हात लावावा तशी ती कळ दाबायचा आणि फळ्यावर आपले शब्द उमटलेले बघून लाजायचा. ते लाजणं बघण्यासाठी आपण दुकान चालवतो, असं बाई नवऱ्याला सांगायच्या. “लाजण्यावर वीजबिल भागतं का?” तो विचारायचा, आणि दुसऱ्या दिवशी डेपोतून येताना दुकानाचा पंखा दुरुस्त करून जायचा.

काय काय लिहिलं नाही लोकांनी! शिंप्याने लग्नासाठी स्थळ हवं म्हणून मजकूर सांगायला सुरुवात केली, तशी दुकानात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. तो आवाज खाली आणत गेला, बाकीचे खुर्च्या पुढे ओढत गेले. घड्याळजी दर आठवड्याला बाजारातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची निंदा लिहवून घ्यायचा. एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर सणसणीत मजकूर सांगितला, आणि तो शेजारी मागच्या खुर्चीत बसून आपल्या पाळीची वाट बघत होता. गृहस्थ उठले, शेजारी बसला, बाई म्हणाल्या, “बोला,” आणि कुत्र्याच्या बाजूने तितकंच सणसणीत उत्तर गेलं. दोघे घरी गेले ते मात्र गप्पा मारत. सगळंच काही थोर नव्हतं. फळ्यावर चहाड्या होत्या, उखाळ्यापाखाळ्या होत्या, नुसतं पकवणंही भरपूर होतं. पण माणसं बोलत होती. ते दिवस सोन्याचे होते, आणि तेव्हा ते कोणाला कळलं नव्हतं, बाईंनाही नाही.

एक मात्र घोळ झाला होता. प्रत्येकाला वेगळं खातं उघडून दिलं की लोक पासवर्ड विसरायचे. घड्याळजी तर घरी पोचायच्या आत विसरायचा. म्हणून बाईंनी दुकानाचं एकच खातं उघडलं, आपल्या ओळखपत्रावर, ‘टाइपघर’ नावाने. ज्याला आपलं नाव हवं त्याने मजकुरात सांगावं, नको असेल त्याने सांगू नये. शिंपी, घड्याळजी, कुत्रा असलेला आणि कुत्र्याने पिडलेला, सगळे एकाच खात्यातून बोलायचे. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. कोण कसं बोलतं ते गावाला माहीत होतं.

मग सरकारचा नियम आला. आक्षेपार्ह मजकुराला खातेदार जबाबदार. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या भीतीप्रमाणे अर्थ लावला. बाईंनी नियम छापून दारावर चिकटवला. लोक यायचे, भडाभडा बोलायचे, वाचून दाखवलं की मान डोलवायचे आणि कळ दाबायची वेळ आली की बोट मागे घ्यायचे. “राहू द्या बाई. उगाच कशाला?” बाई मजकूर पुसून टाकायच्या. पुसताना त्यांना फार वाईट वाटायचं. घड्याळजीने तर मनोऱ्याचं घड्याळ नगरपालिकेचं आहे हे लक्षात आल्यावर येणंच सोडलं.

अशात एक दिवस दुपारी जाऊ आली.

या जावेशी बाईंचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. सासूच्या शिलाई मशीनवरून वाजलं होतं. मशीन नेलं जावेने, आणि बाईंच्या मते तिला साधी तुरपाई येत नव्हती. जाऊ सरकारी इस्पितळात सिस्टर होती. दिराचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर चालत होतं. ती आली आणि गिऱ्हाइकासारखी खुर्चीत बसली. बाईंनी पडद्याकडे बघत म्हटलं, “बोला.” सख्ख्या जावेला अहो-जाहो!

जाऊ बोलायला लागली. इस्पितळातली वीज गेली होती. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, कागदोपत्री टाकी भरलेली होती. ऑक्सिजनची यंत्रं बंद पडली. वरच्या मजल्यावरचा एक तरुण रंगारी गुदमरून गेला, आणि त्याच्या आईला सांगितलं गेलं की हृदय बंद पडलं. वीज गेलीच नव्हती, असं इस्पितळ म्हणत होतं. जावेचा आवाज एकदाही फुटला नाही. बाईंचीच बोटं दोनदा चुकली. त्यांनी सगळं वाचून दाखवलं, कीबोर्ड सरकवला आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या ऐवजी पहिल्यांदाच विचारलं, “नक्की?”

जावेने कळ दाबली आणि ती निघून गेली.

गावात खळबळ उडाली. बाईंना बोलावणं आलं ते आठवड्याच्या आतच. कचेरीतला अधिकारी तरुण होता आणि अतिशय नम्र. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्यासमोर टाइपघरच्या खात्याचे सगळे मजकूर छापून ठेवले होते.

“बाई, हे कुत्र्याविरुद्ध तुम्हीच लिहिलंय, आणि कुत्र्याच्या बाजूनेही तुम्हीच. तुम्ही स्वतःशीच भांडता?”

“लोक सांगतात, मी टाइप करते.”

“आणि लग्नाला स्थळही तुम्हालाच हवंय?” तो हसला. बाईंनाही हसू आलं असतं, पण त्याने लगेच खालचा कागद वर घेतला. “कुत्रं सोडा. हा इस्पितळाचा मजकूर कोणी सांगितला? आतलं माणूस आहे. एक नाव द्या, तुमचं दुकान, तुमचं खातं, काही काही बिघडणार नाही. सोमवारपर्यंत विचार करा.”

घरी नवरा म्हणाला, “सांगून टाक नाव. तुझं तिच्याशी बोलणं तरी आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? भांडण मशीनचं आहे. ते घरातल्या घरात भांडीन. तिची नोकरी गेली तर तुमचा भाऊ खाईल काय?”

भाऊ नवऱ्याचा होता आणि ही आठवण बायकोने करून द्यावी, याची त्याला लाज वाटली. सोमवारी तो रजा टाकून तिच्याबरोबर कचेरीच्या दारापर्यंत गेला.

“मीच लिहिलं,” बाईंनी सांगितलं. “ऐकीव होतं. कोणी सांगितलं, आठवत नाही.”

अधिकाऱ्याने आपला कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. खुलासा लिहायचा, खात्यावरून, आत्ताच. सवयीने बाईंच्या तोंडून गेलं, “बोला.” तो बोलला. इस्पितळासंबंधीचा मजकूर पूर्णपणे खोटा होता. वीज गेली नव्हती. असा मृत्यू झालेला नाही. मी जनतेची माफी मागते. बाईंनी शब्दाला शब्द टाइप केला, वाचून दाखवला आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

“बोलणं तुमचं, बोटही तुमचंच.”

तो समजला. नम्रपणे त्याने कीबोर्ड परत ढकलला. “तुमच्याच बोटानं, बाई. नाहीतर नाव.”

दुसऱ्याच्या शब्दांसाठी बाईंनी आयुष्यात कळ दाबली ती तेव्हा, ती एकदाच. फळा सरकारने नुसता वाचण्यापुरता ठेवला, त्यावर त्यानंतर कोणाला काही लिहिता येईना. कोणी उघडला तर सर्वांत वर तो खुलासा दिसायचा, बाईंच्या खात्यावरून. खातं गेलं तसा दुकानाचा परवानाही गेला.

दुकान आवरायच्या दिवशी जाऊ आली. बोलावलं नव्हतं. पदर खोचून तिने वायरी गुंडाळायला घेतल्या.

“वायरी अशा गुंडाळतात होय?” शेवटी बाई म्हणाल्या.

“मग तुम्हीच गुंडाळा.”

इतक्या वर्षांनी झालेलं बोलणं ते एवढंच, पण बाईंना बरं वाटलं. सासूच्या मशीनचा विषय दोघींपैकी कोणी काढला नाही.

तेवढ्यात दारात इस्त्रीवाली उभी राहिली. गेलेल्या रंगाऱ्याची आई. गुडघ्यांनी पार जेरीस आलेली, दाराला धरून एकेक पायरी चढली. बाईंनी खुर्ची पुढे केली, ती भिंतीला टेकवावी लागणारीच नेमकी हाताला लागली. बाईंनी ती स्वतः धरून ठेवली.

“मला वाचता येत नाही,” इस्त्रीवाली म्हणाली. “शेजारणीने वाचून दाखवलं. आधीचंही आणि नंतरचंही. आधी कळलं की माझा पोरगा कसा गेला. मग कळलं की तसं काही झालंच नाही. दोन्ही तुमच्याच दुकानातून.” ती रडत नव्हती. हिशेब जुळत नाही म्हणून विचारायला यावं तशी विचारत होती. “बाई, मला एकच सांगा. यातलं खोटं कोणतं?”

बाईंनी तोंड उघडलं. खुलासा खोटा म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कोणी सांगितलं? आणि या बाईशी खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. कचेरीत गिळलेलं नाव इथे बाहेर पडेल या भीतीने त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आपण जाऊ वाचवली आणि या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा मारला, असं त्यांना वाटलं. एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

“नंतरचं खोटं,” मागून जाऊ म्हणाली.

“अगं...” बाई वळल्या.

जावेने हातातली वायर खाली ठेवली. “ते त्यांनी लिहिलं माझं नाव लपवायला. मी सिस्टर आहे. त्या मजल्यावर ड्यूटी माझी होती. तुमच्या मुलाचा हात माझ्या हातात होता.”

इस्त्रीवालीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. वीज, डिझेल, यंत्र, कोणाचा दोष, यातलं तिने काहीच विचारलं नाही.

“काही म्हणाला का तो?”

जावेचा आवाज मजकूर सांगताना फुटला नव्हता, तो आता फुटला.

“म्हणाला, आईला एवढ्यात बोलावू नका. लिफ्ट बंद आहे, ती जिना चढून येईल.”