एकोणतीसचा पाढा

आज सकाळी होटगी रस्त्यावर मेंढरं आडवी आली आणि त्यांच्या लोकरीच्या उग्र वासानं मला बारा वर्षं मागं नेऊन सोडलं.

तेव्हा मी मॅरेथॉनची तयारी करत होतो. आदल्या वर्षी सुरुवातीलाच जोरात सुटलो होतो आणि तिसाव्या किलोमीटरला बायकोसमोरच रस्त्यात बसलो होतो. म्हणून कोचनी बजावलं होतं, लांब पल्ल्याला इतकं हळू पळायचं की पळता पळता बोलता आलं पाहिजे. वळसंगच्या रस्त्यावर मी एकटा, बोलणार कुणाशी? मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणत निघालो.

"एकोणतीस साती दोनशे तेरा..."

"दोनशे तीन की वो! वरचे धा कुटनं आनले?"

मेंढरांमागून चाललेले एक म्हातारे माझ्या बरोबरीला आले होते. ते चालत होते, मी पळत होतो.

"कुटं निगालाय?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाही. पुढून परत फिरणार."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "घाई न्हाय, काम न्हाय. मग पळताय कशाला?"

मी आठीपासून पाढा पुढं चालू केला. त्या वर्षी मॅरेथॉन पुरी झाली, तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही.

आता गुडघ्यामुळं पळणं बंद आहे, नुसता चालतो. पाढा मात्र तोंडात येतोच. आज मेंढरांच्या मागून जाताना मी मुद्दाम, मोठ्यानं 'दोनशे तेरा' म्हटलं. का, ते मलाही कळलं नाही.

कुणीच चूक काढली नाही.